तारुण्यात देवाकडे वळणे : ख्रिस्ती परंपरेतील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

माणूस ख्रिस्ती होतो तो जन्माने की निर्णयाने, हा प्रश्न ख्रिस्तमंडळीच्या इतिहासात वारंवार उभा राहिला आणि प्रत्येक वेळी त्याची कसोटी तरुण मुलामुलींवर लागली. तान्हे मूल स्वतः काही ठरवू शकत नाही; उतारवयात मनाच्या सवयी घट्ट झालेल्या असतात. या दोहोंच्या मधल्या वर्षांत, साधारण बारा ते पंचवीस या वयात, आईवडिलांकडून आलेली श्रद्धा स्वतःची होते, बदलते किंवा सुटते. म्हणूनच या वयातील भक्तीकडे धर्मशास्त्रज्ञ, पाळक, शिक्षक आणि आईवडील कायम लक्ष देत आले. गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्रज्ञही त्यांत सामील झाले.

वादाचे मुद्दे मुख्यतः चार आहेत. देवाकडे वळणे ही एका क्षणाची घटना असते की अनेक वर्षांची वाढ? त्यासाठी योग्य वय कोणते आणि मंडळीचे संस्कार त्या वयाशी कसे जोडावेत? तरुण मनाचा हा अनुभव कृपेचा असतो की वयाचा? आणि निर्णय घेणाऱ्या तरुणाचे स्वातंत्र्य व त्याच्या कुटुंबाचा हक्क यांचा मेळ कसा घालावा? पहिल्या तीन मुद्द्यांची चर्चा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झाली. चौथा मुद्दा एकोणिसाव्या शतकातील मुंबईत थेट न्यायालयापर्यंत गेला.

पवित्र शास्त्रातील दोन धागे

क्षणाचा आग्रह धरणारा आणि वाढीवर भर देणारा, असे दोन्ही पक्ष बायबलचाच आधार घेतात, कारण बायबलमध्ये दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. उपदेशक या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तारुण्यातच निर्माणकर्त्याचे स्मरण ठेवण्याचा उपदेश आहे. शमुवेलाला शिलोच्या मंदिरात हाक आली तेव्हा तो लहान मुलगा होता. योशीया आठव्या वर्षी राजा झाला आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे राज्याच्या आठव्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास, देवाचा शोध घेऊ लागला. यिर्मयाने आपले कोवळे वय पुढे करून संदेष्टेपण नाकारून पाहिले. ती सबब मान्य झाली नाही.

नव्या करारात पौल दिमिष्काच्या वाटेवर एका प्रसंगाने बदलतो. पुढच्या काळात अचानक परिवर्तनाचा नमुना म्हणून हीच कथा सांगितली गेली. मात्र पौलाचाच सहकारी तीमथ्य याची कथा अगदी वेगळी आहे. आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास त्याच्यात उतरला होता आणि बालपणापासून त्याला शास्त्राची ओळख होती. त्याच्या जीवनात तुटण्याचा क्षण कुठे नोंदलेला नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही घर सोडून परतलेला धाकटा आणि घरीच राहिलेला थोरला असे दोन मुलगे आहेत. पित्याला दोघेही हवे आहेत. पुढे झालेल्या बहुतेक वादांत एक पक्ष पौलाकडे पाहतो, दुसरा तीमथ्याकडे.

बाप्तिस्मा, समज आणि वय

पहिल्या शतकांत बाप्तिस्म्याच्या वयाविषयी एकमत नव्हते. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तेर्तुल्यनाने मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे मत मांडले. त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने अर्ध्या शतकाने नेमकी उलट भूमिका घेतली आणि नवजात बालकालाही कृपेपासून दूर ठेवू नये असे सांगितले. चौथ्या शतकात अनेक ख्रिस्ती घरांत बाप्तिस्मा मोठेपणापर्यंत लांबवला जाई.

संत ऑगस्टीनचे उदाहरण याच काळातले. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे जन्मलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होती, तरी त्याचा बालपणी बाप्तिस्मा झाला नाही. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याच्यात सत्याची ओढ जागी झाली. त्यानंतर अनेक वर्षे तो मानी पंथात राहिला. ३८६ मध्ये मिलानमधील एका बागेत त्याने निर्णय घेतला आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोजकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचे आत्मनिवेदन पुढे तरुणपणीच्या परिवर्तनकथांचा आदर्श ठरले. पण तेच पुस्तक काळजीपूर्वक वाचले तर बागेतील क्षणामागे बारा-तेरा वर्षांची घालमेल आणि आईची त्याहून दीर्घ प्रार्थना दिसते.

बालबाप्तिस्मा रूढ झाल्यावर प्रश्नाने रूप बदलले. ज्याचा बाप्तिस्मा नकळत झाला, त्याने तो स्वतःचा कधी म्हणायचा? पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी बाप्तिस्मा, अभिषेक आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार बालकाला एकत्रच देण्याची रीत टिकवली. पश्चिमेत ते वेगवेगळे झाले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाला आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावे व ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम केला. समजते वय म्हणजे नेमके किती, यावर शतकानुशतके मतभेद राहिले.

धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न तीव्र झाला. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला आणि अॅनाबॅप्टिस्ट चळवळ सुरू झाली. स्वतःच्या विश्वासाची कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, ही तिची भूमिका होती आणि तिच्यासाठी अनेकांनी प्राण दिले. स्ट्रासबुर्गच्या मार्टिन ब्यूत्सरने मधला मार्ग सुचवला: बालबाप्तिस्मा राहावा, पण प्रश्नोत्तरावली शिकलेल्या किशोरांनी मंडळीसमोर उभे राहून विश्वास जाहीर करावा. प्रोटेस्टंट मंडळ्यांतील दृढीकरणविधीला आज जे रूप आहे, त्यावर या विचाराची छाप आहे.

संजीवन-चळवळी आणि क्षणाचा आग्रह

अठराव्या शतकात इंग्रजी भाषक प्रोटेस्टंट जगात नवजन्माच्या अनुभवावर भर आला. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन गावात १७३४-३५ मध्ये मोठे संजीवन, म्हणजे सामूहिक धर्मजागृती, झाले. तिथले पाळक जॉनथन एडवर्ड्स यांनी १७३७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या लाटेची सुरुवात तरुणांपासून झाली होती. एका तरुणाच्या आणि पाठोपाठ एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने गावातील मुलेमुली अंतर्मुख झाली, संध्याकाळी प्रार्थनेसाठी जमू लागली आणि त्यांच्यामागून मोठी माणसे आली. एडवर्ड्स यांनी चार वर्षांच्या एका मुलीचा अनुभवही गांभीर्याने नोंदवला.

त्याच वृत्तांताला काळी बाजूही आहे. १७३५ च्या उन्हाळ्यात गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थाने आत्म्याच्या चिंतेने खचून आत्महत्या केली आणि संजीवनाचा जोर ओसरला. एडवर्ड्स यांनी यातून धडा घेतला. १७४६ च्या त्यांच्या ग्रंथात खऱ्या धार्मिक भावनेच्या बारा खुणा सांगितल्या आहेत. रडणे, थरथरणे किंवा अनुभव अचानक येणे ही त्यांच्या मते खरेपणाची खूण नव्हती आणि खोटेपणाचीही नव्हती. शेवटची व निर्णायक खूण होती ती टिकून राहणाऱ्या आचरणाची.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत आलेला अनुभव मेथडिस्ट परंपरेचा मानबिंदू ठरला. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते आणि आधीची अनेक वर्षे त्यांनी कडक शिस्तीची भक्ती केली होती. पुढच्या शतकातील प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन १८५० च्या जानेवारीत कोलचेस्टरच्या एका छोट्या उपासनामंदिरात योगायोगाने शिरले आणि पंधराव्या वर्षी त्यांचे जीवन बदलले. १९०४ च्या वेल्समधील संजीवनाचा चेहरा बनलेले इव्हान रॉबर्ट्स सव्वीस वर्षांचे होते.

या पक्षाचे म्हणणे असे: पाप खरे आहे, म्हणून पश्चात्तापही खरा हवा. आईवडिलांच्या श्रद्धेवर मुलाचे तारण होत नाही. ज्याला वळल्याची जाणीवच नाही, तो कदाचित वळलाच नसेल. तारुण्यात मन हळवे असते, म्हणून आवाहन त्याच वयात व्हावे.

संगोपनाचा पक्ष

या आग्रहाचे ओझे ख्रिस्ती घरांतील मुलांवर पडले. नाट्यमय पाप नाही, नाट्यमय पश्चात्ताप नाही. मग आपण खरे ख्रिस्ती आहोत की नाही, या चिंतेत अनेक मुले वाढली. अमेरिकेतील हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये याविरुद्ध आवाज उठवला आणि १८६१ मध्ये आपले विवेचन विस्ताराने मांडले. मुलाने ख्रिस्ती म्हणूनच वाढावे, आपण कधी वेगळे होतो असे त्याला वाटू नये, ही त्यांची मुख्य मांडणी. घरातील वातावरण, आईवडिलांचे वागणे, जेवणापूर्वीची प्रार्थना, क्षमा मागण्याची रीत यांतून कृपा मुलापर्यंत पोहोचते असे त्यांचे मत होते. मानवी स्वभावातील पाप ते हलके करतात, ही टीका त्यांच्यावर लगेच झाली आणि आजही होते.

१७८० मध्ये ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी गरीब मुलांसाठी सुरू केलेल्या रविवारच्या शाळेपासून शब्बाथशाळांचे जाळे जगभर पसरले. संजीवनवाद्यांना त्यांत आवाहनाची संधी दिसली, संगोपनवाद्यांना हळूहळू मुरणाऱ्या शिक्षणाची. एकच वर्ग दोन्ही पक्षांना आपला वाटला. १८४४ मध्ये लंडनच्या कापडदुकानांतील तरुणांसाठी जॉर्ज विल्यम्स यांनी स्थापन केलेल्या वाय.एम.सी.ए.चा आरंभही अशाच प्रार्थना आणि शास्त्राभ्यासाच्या बैठकींतून झाला.

कॅथलिक परंपरेत संगोपनाचा धागा अधिक बळकट राहिला, कारण तिथे कृपेचा मार्ग प्रामुख्याने संस्कारांचा. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय साधारण सात वर्षांवर आणले. त्यामागचा विचार असा की मुलाला पूर्ण धर्मज्ञान नसले तरी साध्या भाकरीत आणि ख्रिस्तप्रसादात फरक कळत असेल, तर त्याला दूर ठेवू नये. तरीही कॅथलिक संतचरित्रांत तरुणपणीचे वळण भरपूर आहे. लिझ्यूची संत तेरेजा हिने १८८६ च्या नाताळच्या रात्री आपण बालिशपणातून बाहेर आलो असे म्हटले आणि १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली. श्रद्धाळू घरात, रोजच्या प्रार्थनेत वाढलेल्या मुलीलाही वळणाचा एक क्षण आठवतो, हे तिच्या चरित्रातून दिसते. आलोयसियस गोन्झागा तेविसाव्या वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना वारला. पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला कार्लो आकुतिस २०२५ मध्ये संत घोषित झाला.

मानसशास्त्राची नजर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत धर्माचे मानसशास्त्र उभे राहिले, ते याच प्रश्नावर. एडविन स्टारबक यांनी प्रश्नावल्या पाठवून उत्तरे गोळा केली आणि १८९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: परिवर्तनाचे अनुभव बहुतांशी दहा ते पंचवीस या वयांत येतात आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांची दाटी असते. ज्यांना असा क्षण आठवत नव्हता, त्यांचाही त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला. त्या तरुणांच्या वाढीतही याच वयात शंका, अस्वस्थता आणि नवी स्पष्टता आढळली. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ च्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात किशोरवय आणि धर्मपरिवर्तन यांचे नाते अधिक ठळक केले.

विल्यम जेम्स यांची एडिंबरामधील व्याख्याने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने आली. काही माणसे एकदाच जन्मतात, काहींना दुसरा जन्म घ्यावा लागतो, अशी विभागणी त्यांनी मांडली. दुभंगलेल्या मनाला एकत्व मिळणे हे परिवर्तनाचे मर्म त्यांनी मानले. अनुभव कुठून आला यावरून नव्हे, तर त्यातून कसे जीवन निघाले यावरून त्याची किंमत करावी, हे त्यांचे म्हणणे दीड शतकापूर्वीच्या एडवर्ड्स यांच्या निष्कर्षाच्या अगदी जवळ जाते.

पुढील अभ्यासकांनी या चित्रात भर घातली. एरिक एरिक्सन यांनी १९५८ मध्ये तरुण मार्टिन लूथरवर लिहिताना धार्मिक संकटाला स्वत्वाच्या शोधाशी जोडले. जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये विश्वासाच्या विकासाचे टप्पे मांडले. त्यांच्या मते किशोरवयातील श्रद्धा बरीचशी सभोवतालच्या माणसांच्या अपेक्षांनी घडते आणि ती तपासून स्वतःची करण्याचे काम तरुणपणी सुरू होते. पेर ग्रँक्विस्ट आणि ली कर्कपॅट्रिक यांनी २००४ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी केली. बालपणी आईवडिलांशी सुरक्षित नाते न लाभलेल्यांत अचानक परिवर्तनाचे प्रमाण अधिक असल्याचे तीत दिसले.

या संशोधनावरील आक्षेपही वजनदार आहेत. स्टारबक यांना उत्तरे देणारे बहुतेक अमेरिकन प्रोटेस्टंट होते आणि त्यांच्या मंडळ्या याच वयात परिवर्तनाची अपेक्षा करत होत्या. अपेक्षेने अनुभव घडला की वयाने, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. न्यू इंग्लंडच्या जुन्या मंडळ्यांत पूर्ण सदस्य होणारे बहुधा पंचविशीच्या पुढचे संसारी लोक असत, असे इतिहासकारांनी दाखवले आहे. सोळावे वर्ष त्या काळी विशेष नव्हते. शिवाय एखादा अनुभव विशिष्ट वयात येतो एवढ्याने तो केवळ वयाचा परिणाम ठरत नाही. श्रद्धावान अभ्यासक म्हणतात की कृपा माणसाच्या स्वभावातूनच काम करते. मानसशास्त्र आपल्या साधनांनी हे सिद्ध करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही.

गोवा आणि महाराष्ट्राचा अनुभव

मराठी भाषक प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभले. इथे वळणाऱ्या तरुणाला बहुधा एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जावे लागे आणि तसे करताना घर, जात व वारसा पणाला लागे.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५५९ मध्ये आईवडील व आजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम काढला. मुलांच्या वतीने सत्तेने निर्णय घेतल्याचे हे उदाहरण पुढच्या प्रत्येक चर्चेच्या पार्श्वभूमीला आहे. त्याच प्रदेशात फादर थॉमस स्टीफन्स यांनी दुसरी वाट दाखवली. नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच भाषेत भक्तीचे वाङ्मय मिळावे म्हणून त्यांनी रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि मुलांना धर्मतत्त्वे शिकवणारी त्यांची कोकणी प्रश्नोत्तरावली १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइट पाद्र्यांच्या सहवासात वाढला, कोवळ्या वयात जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत वयाचा आणि संमतीचा प्रश्न उघडपणे पुढे आला. १८३९ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. समाजात खळबळ माजली आणि प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने धनजीभाईंना आपल्या इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली, पण पारशी पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू धरली. एका भावाचा निर्णय त्याचा स्वतःचा मानला गेला, दुसऱ्याचा मानला गेला नाही. दोघांमधली रेषा वयाची होती.

त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांची चरित्रे परिवर्तनाच्या गतीविषयी बरेच सांगतात. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले, मुंबईत सुधारकांच्या परमहंस सभेच्या संपर्कात आले, अनेक वर्षे द्विधा मनःस्थितीत राहिले आणि १८५४ मध्ये तेविसाव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या हळूहळू झालेल्या प्रवासाचा तपशील देते. काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे मिशनऱ्यांचे खंडन करण्यासाठी ख्रिस्ती ग्रंथ वाचू लागले आणि १८४८ मध्ये, तेही तेविसाव्या वर्षीच, ख्रिस्ती झाले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये तेहतिसाव्या वर्षी झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. सोवळेओवळे एकेक करून कसे गळत गेले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे.

पंडिता रमाबाईंचे जीवन या वादाच्या दोन्ही टोकांना स्पर्श करते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे पंचविसाव्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी मिळाला. त्यांच्या पुण्यातील शारदा सदन या निवासी शाळेतील विद्यार्थिनी त्यांच्या प्रार्थनेला बसत. त्यावरून १८९३ मध्ये वाद पेटला. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी होती की त्या कोणावर सक्ती करत नाहीत आणि आपल्या खोलीचे दारही लावून घेत नाहीत. टीकाकारांचा मुद्दा असा की आश्रयाला आलेल्या कोवळ्या मुलीवर आदरणीय व्यक्तीच्या नुसत्या उदाहरणाचाही दाब पडतो. १९०५ मध्ये रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन झाले, त्यात पुढाकार तरुण मुलींचाच होता. मोठ्याने एकत्र प्रार्थना, अश्रू आणि पापांची कबुली यांबाबत नॉर्दॅम्प्टनमध्ये उठलेले प्रश्न इथेही उठले. त्या मुलींच्या टोळ्या पुढे गावोगावी सुवार्तेसाठी गेल्या, याची नोंद समर्थक आवर्जून करतात.

अहमदनगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांत परिवर्तन बहुधा कुटुंबाकुटुंबाने झाले आणि १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्याला वेग आला. तिथे निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांचा होता, मुले त्यात सामावली गेली. त्यांची श्रद्धा घडवण्याचे काम शाळा, भजने, कीर्तने आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’सारख्या मासिकांनी केले. अशा सामूहिक निर्णयाला खरे परिवर्तन म्हणावे का, हा प्रश्न मिशनऱ्यांतही होता. वास्कम पिकेट यांनी भारतभरच्या पाहणीवर आधारलेल्या १९३३ च्या ग्रंथात समूहाच्या मार्गाची बाजू घेतली. एकट्याने तुटून येण्यापेक्षा आपल्या माणसांसह येणे अधिक टिकाऊ ठरू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

गेल्या पाऊण शतकातील चित्र

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणांसाठी वेगळ्या संस्था, शिबिरे आणि विद्यार्थी-चळवळी वाढल्या. भारतात १९५४ मध्ये इव्हँजेलिकल विद्यार्थी संघ स्थापन झाला. १९६७ मध्ये अमेरिकेतील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका एकांतवासातून कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ सुरू झाली आणि काही वर्षांतच मुंबईत पोहोचली. तिच्यामुळे व्यक्तिगत परिवर्तनाची भाषा संस्कारप्रधान कॅथलिक घरांतही बोलली जाऊ लागली. फ्रान्समधील तेझे येथे ब्रदर रॉजर यांच्या समुदायाने मौन आणि साध्या गायनाचा मार्ग तरुणांपुढे ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जागतिक युवा दिनाची प्रथा सुरू केली. २०१८ मध्ये रोममध्ये बिशपांची सभा खास तरुणांच्या प्रश्नावर भरली. तरुणांचे ऐकून घेणे हाही मंडळीच्या सेवेचा भाग आहे, यावर तिने भर दिला.

या काळातील बहुचर्चित संशोधन अमेरिकेतील ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांचे. तीन हजारांहून अधिक किशोरांच्या पाहणीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ २००५ मध्ये आला. त्याचे दोन निष्कर्ष चर्चेत राहिले. पहिला, किशोरांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव मित्रांचा नसून आईवडिलांचा असतो. दुसरा, बहुतेकांना आपला विश्वास शब्दांत सांगता येत नाही. चांगले वागावे, मन प्रसन्न राहावे आणि अडचणीत देव मदतीला यावा, एवढाच त्यांच्या धर्माचा सारांश असतो. पहिल्या निष्कर्षाने संगोपनाच्या पक्षाला बळ दिले. दुसऱ्याने संजीवनवाद्यांची जुनी शंका जागी केली, की नुसत्या संगोपनाने श्रद्धा सवयीपुरती उरते.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला मुद्दा टिकाऊपणाचा. शिबिरात किंवा सभेत घेतलेला निर्णय दहा वर्षांनी किती उरतो, हे मोजण्यासाठी त्याच तरुणांचा दीर्घकाळ मागोवा घ्यावा लागतो. असे अभ्यास मोजके आहेत आणि तेही प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. परिवर्तनाची बहुतेक माहिती साक्षींतून येते आणि साक्ष मागाहून लिहिली जाते. ऑगस्टीनने बागेतील प्रसंगानंतर दहाएक वर्षांनी लिहिले, बाबा पदमनजींनी तीस वर्षांनी. प्रत्येक मंडळीत साक्ष सांगण्याची एक ठरलेली चाल असते आणि तरुण आपला अनुभव त्या चालीत बसवतो. त्यामुळे साक्ष खोटी ठरत नाही, पण घडलेले आणि सांगितलेले यांत अंतर राहते.

तिसरा मुद्दा संस्कारांच्या वयाचा. कॅथलिक धर्मविधीसंहिता दृढीकरण समजत्या वयात द्यावे असे सांगते आणि बिशपांच्या परिषदांना वेगळे वय ठरवण्याची मुभा देते. म्हणून कुठे ते बालपणी होते, कुठे किशोरवयात. लवकर दिल्यास कृपेचा आधार वेळेवर मिळतो, उशिरा दिल्यास निर्णय जाणता होतो. बाप्तिस्ट परंपरेतही सात-आठ वर्षांच्या मुलाची कबुली पुरेशी मानावी का, यावर पाळकांत मतभेद आहेत.

चौथा मुद्दा स्वातंत्र्याचा. भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. २८ व्या कलमाने राज्याने मान्यता दिलेल्या शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षण देण्यासाठी पालकाची संमती आवश्यक केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. धर्मांतरविषयक राज्यकायद्यांत अज्ञान व्यक्तींच्या बाबतीत अधिक कडक शिक्षा आहे. १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या विचार व धर्मस्वातंत्र्याला मान्यता आहे आणि त्याच्या वाढत्या समजेनुसार मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्कही मान्य केला आहे. ही समज नेमकी कोणत्या वयात पुरेशी होते, याचे सर्वमान्य उत्तर कायद्यात नाही आणि धर्मशास्त्रातही नाही. सक्ती आणि प्रलोभन वर्ज्य, यावर आज सर्व प्रमुख मंडळ्यांचे एकमत आहे. आदर, कृतज्ञता आणि आश्रय यांतून येणारा अप्रत्यक्ष दाब कसा ओळखावा, हे मात्र ठरलेले नाही.

आजची स्थिती

एकूण चर्चा पाहता, क्षण की वाढ, हा विरोध पूर्वीइतका कडवा राहिलेला नाही. ज्यांना क्षण आठवतो त्यांच्या मागे दीर्घ तयारी आढळते. ज्यांची श्रद्धा घरात वाढली त्यांनाही ती कधीतरी स्वतः स्वीकारावी लागते. वाद चिघळला तो बहुधा वेगवेगळ्या तरुणांना एकच माप लावल्यामुळे. ख्रिस्ती घरात वाढलेले मूल, बाहेरून एकट्याने आलेला तरुण आणि समूहासोबत आलेले कुटुंब यांचे मार्ग एक नाहीत. पहिल्याला आपण पौल नाही म्हणून हिणवू नये, दुसऱ्याला तीमथ्यासारखी घरची पुंजी नाही म्हणून वाऱ्यावर सोडू नये आणि तिसऱ्याच्या पुढच्या पिढीला निर्णय आधीच झाला आहे असे सांगून थांबवू नये. मराठी ख्रिस्ती साहित्यात हे तिन्ही मार्ग स्पष्टपणे दिसतात, म्हणून या प्रश्नाच्या अभ्यासात त्याचे मोल मोठे आहे.

ज्या कसोटीवर एडवर्ड्स आणि जेम्स यांच्यासारखे भिन्न वृत्तीचे विचारवंत येऊन भेटतात, ती फळांची कसोटी आज सर्व पक्षांना मान्य आहे: प्रेम, सत्यनिष्ठा, दुर्बळांची सेवा आणि संकटात टिकणारी प्रार्थना. ही कसोटी वेळ मागते. म्हणून तरुणाच्या अनुभवावर लगेच शिक्का न मारता त्याच्यासोबत अनेक वर्षे चालणारी मंडळी, घर आणि शिक्षक यांची गरज दोन्ही पक्ष सारख्याच आग्रहाने मांडतात. ही सोबत प्रत्येक ठिकाणी कोणत्या रूपाने द्यावी, हेच यापुढील अभ्यासाचे आणि मंडळीच्या कामाचे मुख्य क्षेत्र आहे.